एत्तम्मा हात उचलते

"जिथे वैद्यकाची हद्द संपते, तिथून आईचा हात सुरू होतो." आमच्या फिजिओथेरपी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हेब्बार यांनी पहिल्या वर्षाच्या मुलांचं स्वागत करताना हे वाक्य डोळे मिटून उच्चारलं. सभागृह गंभीर झालं. मग आशीर्वादासाठी त्यांनी उजवा हात उचलला. तो छातीपर्यंत आला आणि अडकला. उरलेला आशीर्वाद त्यांनी डाव्या हाताने दिला.

हेब्बार सरांचा खांदा आखडला होता. आखडलेला खांदा मोकळा कसा करावा हे त्यांनी आयुष्यभर शिकवलं, पण स्वतःचा खांदा कुणाच्या हाती द्यायला ते तयार नव्हते. एक तर त्यात दुखतं. दुसरं म्हणजे मंगळुरातले निम्मे फिजिओथेरपिस्ट त्यांचेच विद्यार्थी, त्यामुळे ते काय शिकले आहेत याची सरांना पुरती कल्पना होती. म्हणून दर रविवारी ते एत्तम्माकडे जात. एका हाताने गाडी चालवणं प्राचार्यांना शोभत नाही, म्हणून गाडी मी चालवत असे. मी त्याच कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. माझा तास जेवणानंतर असतो. त्या वेळी मुलं वर्गात असतात, एवढंच मी त्यांच्याबद्दल खात्रीने सांगू शकतो.

एत्तम्मा म्हणजे उचलणारी आई. नेत्रावतीच्या काठी कौलांचा एक कारखाना आहे. तो बंद पडून एक पिढी गेली. धुराडं कोसळलं, छपराची कौलं शेजारपाजारच्यांनी आपापल्या छपरावर नेली, उरली ती भट्टी. भट्टीला एक अरुंद कमानदार दार. पूर्वी त्यातून कच्ची कौलं आत जात आणि भाजून बाहेर येत. उन्हाळ्यात कुठूनसे एक स्वामी आले, त्यांनी दाराला शेंदूर फासला, वर झेंडूची माळ टांगली आणि जाहीर केलं की इथे आई आहे आणि ती माणसाचे हात उचलते.

पंचाईत अशी की ती खरंच उचलायची.

रविवारी सकाळी भट्टीसमोर पाय ठेवायला जागा नसे. रिक्षा, टेम्पो, शाळेच्या बसेस. अर्धांगवायूचे पेशंट, मानेला पट्टा लावलेल्या बँकेतल्या बायका, विड्या वळून वळून मनगटं गेलेल्या म्हाताऱ्या, आणि आमच्या कॉलेजची मुलं. विद्यापीठाची परीक्षा तोंडावर होती. ज्यांना जन्मभर हातांवरच पोट भरायचं आहे, त्यांनी हातावर कृपा करून घ्यावी यात गैर काय, असं हॉस्टेलमध्ये ठरलं होतं. शिवाय प्रसादाला गरम गोळीबजे, म्हणजे मैद्याची गोल भजी मिळत, आणि हॉस्टेलला रविवारी उप्पीट असे.

स्वामींची मान रुंद, दंड भरलेले, अंगात भगवी बंडी. आवाज मात्र खासगी बसच्या कंडक्टरचा.

"या भट्टीत पूर्वी काय भाजायचे?"

"कौलं," गर्दी म्हणायची.

"आता काय भाजतं?"

"पाप."

"पाप कुठे साठतं? पोटात नाही. डोक्यात नाही. हातात साठतं. चोरी हात करतो, लाच हात घेतो, चापट हात मारतो. म्हणून हात जड होतो, म्हणून खांदा दुखतो. डॉक्टर म्हणतो सांधा, मी म्हणतो पाप. बरं कोण करतं? मी. म्हणजे मी नाही, ती."

मग एकेकाला दारात उभं करत. दोन्ही हात खाली, हाताची पाठ दोन बाजूंच्या विटांना.

"द्या. पाप विटांना द्या. वरवर नका देऊ बाबांनो, वरवर दिलेलं पाप सोमवारी परत येतं. बाहेर ढकला. जोर लावा. जोर नाही तर भक्ती नाही. स्तोत्र संपेपर्यंत द्या."

पेटीवर स्तोत्र चाले. ते कुणीही ऐकलं असतं तरी लांबलंय असंच म्हणालं असतं. दारातला माणूस दात खाऊन विटा ढकलत राही, कपाळावर घाम येई. स्तोत्र संपलं की स्वामी हलक्या आवाजात म्हणत, "सोडा. पुढे या. आता तुम्ही काही करू नका. करणारी ती आहे."

माणूस दोन पावलं पुढे येई, हात सैल सोडी, आणि त्याचे दोन्ही हात दोन बाजूंना आपोआप वर जाऊ लागत. हळूहळू, पाण्यातून बुडबुडा वर यावा तसे. माणूस स्वतःच्या हातांकडे दुसऱ्याच्या हातांकडे बघावं तसा बघे. गर्दीतून एक लांब श्वास जाई.

त्या रविवारी दारात जलजक्का उभी राहिली. जलजक्का बेंगरेची मासेवाली. धक्क्यावर बर्फाच्या पाण्यावरून घसरून तिचा उजवा दंड खांद्याजवळ मोडला होता. हाड जुळलं, पण हात झोळीत राहून राहून सांधा आखडला. आता तो खांद्याच्या रेषेपर्यंतही येत नव्हता, आणि माशाची टोपली डोक्यावर चढवायची तर हात डोक्याच्या वर जावा लागतो. तोवर तिची गिऱ्हाइकं तिची भावजय रत्ना सांभाळत होती. सांभाळत होती म्हणजे एकेक करून खात होती.

जलजक्काचा खांदा आमच्या कॉलेजच्या दवाखान्यात देचम्माच्या हाताखाली होता. देचम्मा तिसऱ्या वर्षाची, कोडगू जिल्ह्यातली, हॉकी खेळणारी. बोलताना समोरच्याच्या वयाकडे तिचं लक्ष नसे. दुसऱ्या वर्षाच्या व्यायामोपचाराच्या पेपरात ती नापास झाली होती आणि तो पेपर अजून तिच्या मागे होता. त्या दिवशी ती हातात गोळीबजे घेऊन गर्दीत उभी होती.

स्तोत्र संपलं. जलजक्का पुढे आली. डावा हात वर गेला, आणि मागोमाग उजवाही. पूर्ण नाही, पण दवाखान्यात कधी गेला नव्हता इतका वर गेलेला दिसला. जलजक्का रडायला लागली. मासेबाजारात जिच्या तोंडाला कुणी लागत नाही ती बाई उभ्या उभ्या रडते म्हटल्यावर गर्दीही रडली. हेब्बार सरांनी चष्मा पुसला.

स्वामींनी तिच्या उजव्या दंडाला लाल धागा बांधला. "हा हात आता अम्माच्या ताब्यात. याला आता कुणी ताणायचं नाही, पिळायचं नाही, विजेच्या पेटीला लावायचं नाही. आईने उचललेला हात माणसाने ओढला तर आई सोडून देते." शेवटचं वाक्य त्यांनी आमच्या मुलींकडे बघत म्हटलं.

"सर, आपणही घ्या दर्शन," हेब्बार सर मला म्हणाले. मी संख्याशास्त्राचा माणूस, हसत हसत दारात उभा राहिलो. विटा ढकलल्या. बाहेर आलो. माझे हात वर गेले. मी उचलले नव्हते. कुणी दोरी बांधली नव्हती, कुणी धरले नव्हते. परत येताना गाडीत मी हात स्टिअरिंगवर घट्ट धरून ठेवले. सर म्हणाले, "बघा." मी बघतच होतो.

*

पुढच्या आठवड्यात दवाखान्यातल्या खाटा रिकाम्या पडल्या. जे येत त्यांच्या दंडाला लाल धागा. त्यांना फक्त वजनकाट्यावर उभं राहायचं असे. जलजक्का आली ती निरोप द्यायला.

"उद्यापासून नाही येणार, पोरी."

"अक्का, हात दाखवा," देचम्मा म्हणाली.

"लांबून बघ. शिवायचं नाही."

"वेणी घालता येते?"

"रत्ना घालते."

"टोपली?"

"ती पण रत्नाच."

"मग अम्मा उचलते काय?"

"हात उचलते. टोपली उचलते असं कुठे म्हणाले स्वामी?" जलजक्काने पदर खोचला. "तुझ्याकडे आले की मी ओरडते. तिथे दुखत नाही. देवाचं औषध आणि दुखत नाही, मग मी तुझ्याकडे ओरडायला कशाला येऊ?"

"कारण सांध्याभोवती पिशवी असते, ती रोज थोडी आवळते आहे. आता नाही ताणली तर पुढे ताणायला काही उरणार नाही. मग तुम्ही आयुष्यभर रत्नाच्या मागून चालाल, मोकळ्या हाताने."

हे जलजक्काला लागलं. तिचा चेहरा तसा झाला. पण ती धाग्याकडे बघून म्हणाली, "धागा सुटला तर पाप परत येतं म्हणाले. माझ्याकडे थोडंथोडकं नाही. मी वजनात मारते, सगळ्या मारतात." आणि गेली.

देचम्मा हेब्बार सरांकडे गेली. सरांनी तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "श्रद्धेनेही माणूस बरा होतो, देचम्मा. आपण नम्र असावं. तू आधी तुझा राहिलेला पेपर काढ." त्यांच्या शर्टाच्या बाहीखालून लाल धाग्याचं टोक दिसत होतं.

म्हणून ती राहिलेला पेपर काढायला लायब्ररीत बसली.

*

मी तिथे वर्तमानपत्र वाचत होतो. टेबलावर देचम्माच्या वर्गातली हुशार मुलगी होती, अन्विता. हिला दर वर्षी पदक मिळतं. देचम्माने पुस्तकातून डोकं वर काढलं.

"अन्विता, हे काय आहे? स्नायू बराच वेळ अडथळ्याविरुद्ध आकुंचन पावल्यानंतर..."

"...आणि अडथळा दूर केल्यानंतर अवयवाची अनैच्छिक हालचाल होते," अन्विता वहीतून मान न उचलता म्हणाली. "टीप लिहा, पाच मार्क. कारण एक, मज्जासंस्थेतून संदेश चालू राहतो. कारण दोन, रुग्णाला प्रयत्नाची जाणीव नसते. उदाहरण, दारात उभं राहून हाताची पाठ चौकटीवर दाबणे. आकृती काढली तर अर्धा मार्क जास्त."

"तू केलंयस?"

"काय?"

"दारात उभं राहून."

"करायचं कशाला? लिहायचं असतं." मग तिला वाईट वाटलं असावं. "तू काय लिहिलं होतंस गेल्या वेळी?"

"हात खाली येतो असं. हेब्बार सरांनी शून्य दिलं."

"बरोबर आहे. हात वर जातो."

"मला बघायचंय कोण चुकलं," देचम्मा म्हणाली आणि उठली. लायब्ररीत दोन कपाटांच्या मध्ये एक बोळ आहे, तिथे हाडांची पुस्तकं ठेवतात आणि सहसा कुणी जात नाही. ती त्या बोळात शिरली. मी वर्तमानपत्र खाली केलं. ती हाताच्या पाठीने दोन्ही कपाटं बाहेर ढकलत होती. वरची हाडांची पुस्तकं थरथरत होती. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली, हात सोडले, आणि आमच्यासमोर तिचे दोन्ही हात शांतपणे वर गेले.

"सर," ती मला म्हणाली, "एत्तम्मा लायब्ररीत आली."

अन्विता आपल्या दंडावरच्या लाल धाग्याकडे बघत राहिली. तिने ती टीप दोन परीक्षांत लिहिली होती आणि दोन रविवार भट्टीसमोर हात जोडले होते. अख्ख्या वर्गाने हेच केलं होतं. आणि त्या प्रश्नाचं आदर्श उत्तर तयार करून मुलांना देणारे, ते चुकलं म्हणून शून्य देणारे डॉ. हेब्बार दर रविवारी माझ्या शेजारी बसून त्याच आदर्श उत्तराच्या दर्शनाला जात होते.

माझा श्वास मोकळा झाला हे लपवण्यात अर्थ नाही. एक आठवडा मी स्वतःच्या हातांकडे संशयाने बघत होतो.

"आता काय करणार?" मी विचारलं.

"तुमच्या तासाला मी एकदा जागी होते, सर. तेव्हा तुम्ही म्हणालात, औषध दिलेल्यांचं काय झालं ते विचारू नका, न दिलेल्यांचं काय झालं ते विचारा."

मी असं म्हणालो होतो हे ऐकून मला बरं वाटलं.

*

धक्क्यावर सकाळी बोटी लागतात तेव्हा कुणाला कुणाकडे बघायला वेळ नसतो. जलजक्का मात्र एका उपड्या टोपलीवर बसून रत्नाकडे बघत होती. रत्ना बांगडे निवडत होती. मी देचम्माबरोबर गेलो होतो, मासे घ्यायला म्हणून.

"धागा सोडू नका, अक्का. मी हातालाही शिवत नाही," देचम्मा म्हणाली. "त्या बर्फाच्या खोक्यांच्या दोन थप्प्या आहेत ना, त्यांच्या मध्ये उभ्या राहा."

"कशाला?"

"पाप द्यायला."

"बर्फाच्या खोक्याला?"

"विटेला चालतं तर खोक्याने काय घोडं मारलंय?"

"आणि स्तोत्र?"

"तुम्हाला येतं?"

"मला बांगड्याचा भाव येतो."

"तोच म्हणा."

जलजक्का मध्ये उभी राहिली. हाताची पाठ खोक्यांना लावली, ढकलायला लागली आणि तिने हाळी दिली, तिची जुनी, सगळ्या धक्क्याला ऐकू जाणारी. बांगडे, ताजे बांगडे, आत्ता उतरलेले. दोन गिऱ्हाइकं रत्नाला सोडून इकडे वळली. ही हाळी स्तोत्राइतकी लांबली. मग ती बाहेर आली, हात सोडले. दोन्ही हात वर गेले.

धक्क्यावरच्या बायकांनी निवडायचं थांबवलं.

"या वासात आली?" एक जण म्हणाली.

"अम्मा मासे खाते वाटतं," दुसरी म्हणाली.

जलजक्का हसली नाही. "परत करू?"

"करा. या वेळी मी मागे उभी राहते आणि वरून खांद्याचं पातं दाबून धरते. हात तुमचा, खांदा माझा."

परत खोके, परत बांगड्याचा भाव. जलजक्का बाहेर आली, देचम्माचा पंजा तिच्या खांद्यावर. डावा हात वर गेला. उजवा थोडा हलला आणि जागच्या जागी राहिला.

"कुठे गेली?" जलजक्का म्हणाली.

"कुठेच नाही. आधीही तेवढीच होती. सांधा आखडलाय, म्हणून हात सांध्यातून उठत नाही. तुम्ही पाठीतून तिरक्या होता, अख्खा खांदा कानाला लावता, आणि लांबून हात वर गेलेला दिसतो. दार उघडत नाही म्हणून चौकट उचलायची, तसं."

"आणि तो आपोआप का जातो?"

"ढकलायचं थांबवलं तरी नसा थोडा वेळ ढकलायला सांगत राहतात. तुम्हाला ते जाणवत नाही."

जलजक्काने विचार केला. "बोटीतून उतरलं की जमीन हलते. तसं."

"अगदी तसं."

"मग एवढी पुस्तकं कशाला वाचतेस, पोरी? बोटीत बसायचं." तिने पदर सारखा केला. देचम्माने धाग्याकडे हात नेला तसा तिने दंड मागे घेतला. "हा इथे नाही सोडायचा. ज्याने बांधला त्याच्यासमोर."

*

रविवारी नेहमीपेक्षा गर्दी होती. हेब्बार सर रांगेत पुढे होते. जलजक्का आणि तिच्यामागे धक्क्यावरच्या बायका आल्या तेव्हा रांग आपोआप बाजूला झाली. त्यात भक्तीचा भाग कमी होता.

"स्वामी, मला आज दारात उभं राहायचं नाही," जलजक्का म्हणाली. "मी अशीच मोकळ्यावर उभी राहते. अम्माला सांगा, उचल."

"पाप दिल्याशिवाय कशी उचलेल, अक्का?"

"पाप मागच्या खेपेलाच दिलं की. विटांनी घेतलं, तुम्ही धागा बांधला. धागा आहे, हा बघा. म्हणजे पाप परत आलेलं नाही. मग आता जड काय आहे?"

स्वामींनी गर्दीकडे बघितलं. "रोज नवं पाप होतं."

"आठवडाभर मी मासे विकलेच नाहीत. वजनात कुणाला मारू? उपड्या टोपलीवर बसून होते."

"मनातलं पाप..."

"पाप डोक्यात साठत नाही, हातात साठतं म्हणालात."

मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणाले होते, म्हणाले होते." गर्दी चांगल्या सौद्याला रंगते तशी रंगायला लागली.

"बरं, देते," जलजक्का म्हणाली. "पण एकाच हाताने देणार. डाव्या. उजव्यातलं आधीच दिलंय." आणि ती दारात शिरली, उजवा हात पोटाशी धरून डाव्याने वीट ढकलायला लागली. पेटीवाल्याने सवयीने स्तोत्र धरलं. ते संपलं. ती बाहेर आली, दोन्ही हात सोडले. डावा वर गेला. उजवा लाल धाग्यासकट खाली लोंबकळत राहिला.

"तुमच्या अम्माला एकच बाजू दिसते का, स्वामी? का जो ढकलतो तोच वर जातो?"

आता देचम्मा पुढे झाली. तिने भाषण केलं नाही. एवढंच सांगितलं, "ज्याला बघायचंय त्याने कुठल्याही अरुंद जागेत करून बघा. स्तोत्राची गरज नाही, जोराची आहे." त्यानंतर जे झालं ते वर्णन करणं अवघड आहे. दोन रिक्षांच्या मध्ये एक गृहस्थ उभे राहिले. बँकेतल्या बाईंनी दोन माडांच्या मध्ये जागा धरली. टेम्पोच्या मागच्या दारात तिघांची रांग लागली आणि ड्रायव्हर ओरडला, की दार मोडेल, भाविकांनी सावकाश. थोड्याच वेळात कारखान्याच्या अंगणभर माणसांचे हात वर जात होते, कुणाचे दोन, कुणाचा एक, आणि लोक हसत होते.

स्वामी हरणारे नव्हते. ते म्हणाले, "बघा, अम्मा सर्वत्र आहे. रिक्षात आहे, माडात आहे, टेम्पोत आहे."

"मग इतक्या लांब बोलावता कशाला?" रत्ना म्हणाली. ती कधी आली होती कुणास ठाऊक. "प्रत्येकाच्या घरी दार आहे."

 जलजक्काने डाव्या हाताने हिसडून धागा तोडला आणि तो दाराच्या खिळ्याला अडकवला. स्वामी पूर्वी हासनला व्यायामशाळा चालवत होते असं नंतर कळलं. न कळतं तरी चाललं असतं.

हेब्बार सर भट्टीच्या दारातच होते. गडबडीत त्यांचा नंबर लागला होता आणि ते दोन्ही हातांनी विटा ढकलत उभे होते, स्तोत्र थांबलं आहे हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. देचम्मा त्यांच्यासमोर गेली.

"सर, टीप लिहा. पाच मार्क."

सरांनी ढकलणं थांबवलं. ते बाहेर आले, आणि शरीराला लाज नसते, त्यामुळे त्यांचे हात वर जायला लागले. ते वर जात असताना सर त्यांच्याकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "आकृतीला अर्धा मार्क जास्त असतो." परत येताना गाडीत ते खिडकीबाहेर बघत होते. दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात आले, खाटेवर आडवे झाले आणि देचम्माला म्हणाले, "सुरू कर." त्यांचं ओरडणं पहिल्या वर्षाच्या वर्गापर्यंत गेलं. त्यात जे तुळू शब्द होते ते प्राचार्यांना येतात हे मुलांना माहीत नव्हतं.

*

वाचकांना एक विनंती आहे. हे बाजूला ठेवून उठा, न्हाणीघराच्या दारात उभे राहा, हात खाली सोडून हाताची पाठ चौकटीवर दाबा आणि दात खाऊन बाहेर ढकला. एक लांबलचक स्तोत्र येत असेल तर म्हणा, नसेल तर दुधाचा हिशोब करा. मग बाहेर या आणि हात सोडून द्या. ते वर जातील. अंगावर काटा येईल, तो येऊ द्या, तो खोटा नाही. त्या क्षणी शेजारी कुणी भगव्या बंडीत उभं राहून म्हणालं की हे मी केलं, तर त्याला एवढंच विचारा, तू नसताना काय होतं? आणि उत्तर मिळेपर्यंत त्याला आपल्या अंगाला काही बांधू देऊ नका. आपल्याला कारण माहीत नाही याचा अर्थ कारण नाही असा होत नाही. क्वचित ते आपण स्वतःच पाठ केलेलं असतं.

देचम्मा पेपर पास झाली. त्यात तो प्रश्न आला नव्हता.

जलजक्काचा खांदा हिवाळाभर देचम्माच्या हाताखाली राहिला. मधले जे दिवस धाग्यात गेले ते भरून निघाले नाहीत. शेवटचा थोडासा भाग राहूनच गेला, त्यामुळे ती टोपली जरा डावीकडे कलती धरते. पण धरते. परवा धक्क्यावर आम्ही गेलो तेव्हा ती टोपली डोक्यावर चढवत होती. हात वर गेला, तोंड वाकडं झालं, टोपली बसली.

"दुखतं गं अजून," ती देचम्माला म्हणाली. "अम्मा उचलायची तेव्हा दुखायचं नाही."

"तेव्हा टोपली नव्हती," देचम्मा म्हणाली.